चार हजार तासांत काय बसवायचं?

शिक्षणहक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात एक छोटा तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास, आणि पाच वर्षांचे मिळून चार हजार तास. सहा ते अकरा या वयाचं मूल रोज दहा तास झोपतं असं धरलं, तर या पाच वर्षांत ते साधारण साडेपंचवीस हजार तास जागं असतं. त्याच्या जागेपणाचा सहावा हिस्साही शाळेच्या वाट्याला येत नाही. प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम आखणं म्हणजे सगळ्यात आधी या चार हजार तासांचं वाटप करणं.

आपल्याकडे अभ्यासक्रमाची चर्चा विषयांच्या यादीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. शाळेत वाहतुकीचे नियम शिकवा, आपत्ती व्यवस्थापन शिकवा, पैशाचे व्यवहार, संगणक, योग, वृक्षसंवर्धन शिकवा. यातली एकही मागणी वाईट नाही आणि ती करणाऱ्याची कळकळ खरी असते. अडचण अशी की यादीत भर घालणारे पुष्कळ भेटतात, पण त्या भरीसाठी काय काढायचं ते कुणी सांगत नाही. तास तेवढेच राहतात. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामागचं कारण सबळ होतं. इंग्रजी ही फक्त पैसेवाल्यांच्या मुलांची मिरास राहू नये, असं वाटणाऱ्या पालकांचा तो आग्रह होता. पण इंग्रजीच्या तासिका आभाळातून पडल्या नाहीत, त्या दुसऱ्या कशाच्या तरी जागेवर बसल्या. अलीकडे १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली, जूनमध्ये तो निर्णय बदलला गेला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. त्या वादात अस्मितेवर, राजकारणावर, मुलांच्या मनावर येणाऱ्या ताणावर पुष्कळ बोललं गेलं. सहा वर्षांच्या मुलाच्या आठवड्यातून नेमक्या कोणत्या तासिका हलणार, हा साधा प्रश्न मात्र त्या गलबल्यात मागे राहिला. तो पहिला असायला हवा होता.

शिवाय हे चार हजार तासही कागदावरचे. त्याच कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वाड्यावस्त्यांवरच्या अशा द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असतात. शिक्षकांनी आपला वेळ अगदी समान वाटला, तरी एका इयत्तेला शिक्षक समोर मिळतात ते चार हजारांपैकी सोळाशे तास. उरलेल्या वेळात मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, पाढे म्हणतात, नाहीतर आपली पाळी यायची वाट पाहतात. राज्यस्तरावर बसून आठवड्याच्या तासिका विषयवार वाटणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एका वर्गाला एक शिक्षक असलेली शाळा असते. द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक तो तक्ता भिंतीवर लावतो आणि प्रत्यक्षात त्याला जमेल तसं शिकवतो. त्यात त्याचा दोष नाही.

वेळ इतका थोडा आहे, तर भाषा आणि गणित तेवढं नीट करावं, बाकीचं नंतर पाहता येईल, असं कुणालाही वाटेल. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे दिसल्यावर तर हा युक्तिवाद फार जोर धरतो. तो हलक्याने घ्यावा असा नाही. वाचता न येणाऱ्या मुलापुढे ठेवलेला व्यापक अभ्यासक्रम म्हणजे त्याच्यासाठी बंद दारांची रांगच. पण हा उपाय जगात आधी करून झाला आहे, एकदा नव्हे अनेकदा, आणि त्याचं काय झालं हे आपल्याला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ साली शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी सुधारित संहिता आणली. शाळेला मिळणारं सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेवर बांधलं गेलं. परीक्षक शाळेत येई, एकेका मुलाला तपासे. परीक्षेपोटी एका मुलामागे ८ शिलिंग मिळत, आणि मूल एका विषयात नापास झालं की त्यातला तिसरा हिस्सा कापला जाई. शिक्षकाचं पोट या हिशेबावर चालू लागल्यावर भूगोल, इतिहास, चित्रकला यांना वर्गात जागा उरली नाही. कवी मॅथ्यू आर्नल्ड तेव्हा शाळा निरीक्षक होते. त्यांनी १८६७ च्या अहवालात जे नोंदवलं ते आजही प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचण्याजोगं आहे. हुशारीने तयारी करून घेतली तर मुलं वाचन, लेखन, हिशेब या परीक्षांत पास होतात, पण त्यांना खरोखर वाचता, लिहिता वा हिशेब करता येतो असं नाही, असं त्यांना दिसलं होतं. तीनच विषय ठेवले, आणि ते तीनही हाती लागले नाहीत.

निकालावर अनुदानाची ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. म्हणून १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन या संदर्भात फार मोलाचं आहे. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या समाजात ही पद्धत उपयोगाची नाही; अशा भरवशावर कुणी शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचं पोट भरणार नाही. आणि मग प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांनी केलेली मागणी पाहा. वाचन हवं. लेखन हवं, मोडी आणि बाळबोध दोन्ही. हिशेब हवा. त्याबरोबर इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ. खेड्यातल्या शाळेत विषय शहरातल्यापेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराला कमी उपयोगी असता कामा नयेत. शेतीच्या पाठांना जोडून एक छोटं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता येईल.

या यादीत मला दोन गोष्टी विशेष वाटतात. मोडी हवी, कारण सावकाराचे आणि कुलकर्ण्यांचे कागद मोडीत असत. ती वाचता न येणारा कुणबी दुसऱ्याच्या वाचण्यावर अवलंबून राही. म्हणजे वाचन कशासाठी, याचं उत्तर अभ्यासक्रमातच होतं. दुसरी गोष्ट अशी की ज्या मुलांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हतं, त्यांच्यासाठी फुले इतिहास-भूगोल मागत होते. आधी अक्षरं, मग जग, अशी पायरी त्यांनी लावली नाही. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात तो १५ ते २० रुपये असावा, असंही त्यांनी मांडलं आहे. व्यापक अभ्यासक्रम मागणाऱ्याने तो पेलणाऱ्या माणसाच्या पोटाचा विचार त्याच दमात केला. पुढच्या अनेक समित्यांनी हे दोन विषय वेगवेगळ्या अहवालांत टाकले.

फुल्यांची ही समज वाचनावरच्या संशोधनाने शंभर वर्षांनंतर उचलून धरली. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि लाकडी बाहुल्या मांडून तो खेळ दाखवायला सांगितला. काही मुलं वाचनात चांगली होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला कळत होता, काहींना नाही. ज्यांचं वाचन कच्चं पण खेळाची माहिती पक्की होती, त्यांनी चांगलं वाचणाऱ्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांना मागे टाकलं. मजकूर समजणं हे वाचणाऱ्याला त्या विषयाचं आधी काय माहीत आहे यावर फार अवलंबून असतं.

मराठीतलं एक वाक्य घेऊ. ‘मळणी आटोपली, खळं उठलं, तरी सालगड्याची बाकी फिटली नाही.’ ठाण्यातल्या सातव्या मजल्यावरचा चौथीचा मुलगा हे वाक्य न अडखळता वाचेल आणि त्याच्या हाती काही लागणार नाही. हिंगोलीच्या मुलीला ते एका नजरेत कळेल. भरती-ओहोटीच्या उताऱ्यावर तीच मुलगी अडेल आणि श्रीवर्धनचा मुलगा पुढे जाईल. अक्षरओळख तिघांची सारखी. आता परिसर अभ्यासाचे तास काढून भाषेच्या तासिका वाढवल्या, तर मुलं त्याच त्या छोट्या उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवत बसतात आणि पुढच्या उताऱ्यासाठी लागणारी शिदोरी गोळा होतच नाही. तिसरीपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण तोपर्यंतचे उतारे आई, बाबा, मांजर, जत्रा यांच्याभोवतीच फिरतात. पाचवी-सहावीत मूल अचानक मागे पडल्यासारखं वाटतं. ते अचानक पडलेलं नसतं. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्याची जी रीत बसवली, तिच्यात अक्षरांइतकंच वजन मुलाला कळणाऱ्या अर्थपूर्ण मजकुराला होतं, ते यासाठीच.

शाळांच्या पातळीवरही असंच दिसलं आहे. इंग्लंडच्या शाळा निरीक्षकांनी १९७८ मध्ये ५४२ प्राथमिक शाळांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्या वर्गांत विज्ञान, इतिहास, भूगोल, कला यांना खरी जागा होती, तिथल्या मुलांची भाषा आणि गणितही चांगलं होतं. अमेरिकेतल्या फोर्डहॅम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना पाचवीपर्यंत सामाजिक शास्त्रांसाठी रोज जास्त वेळ मिळाला त्यांचं वाचन अधिक सुधारलेलं आढळलं. भाषेसाठी जास्त वेळ मिळालेल्यांत तसा फरक दिसला नाही. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, दोन गोष्टी सोबत चालतात एवढं दाखवतात. पण बेसबॉलचा प्रयोग आणि या पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर भाषा-गणिताच्या नावाखाली बाकीचे तास खाणाऱ्याने आपली बाजू सिद्ध करायला हवी, निदान माझ्या मते.

तरीही तास खाल्ले जातात, कारण जे मोजलं जातं ते वेळ ओढून घेतं. १९९१ मध्ये आपल्याकडे किमान अध्ययन पातळ्या आल्या. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांच्या क्षमतांची इयत्तावार यादी झाली. कला, खेळ, कार्यानुभव यांना तशी यादी मिळाली नाही. महाराष्ट्रातही क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. हेतू चांगला होता, मूल पुढच्या वर्गात जाताना त्याला निदान अमुक आलंच पाहिजे. २००५ पासून ‘असर’ पाहणीने वाचन आणि साधं गणित दारोदार जाऊन तपासलं आणि साऱ्या देशाला जागं केलं, हे तिचं मोठं काम आहे. २०२१ पासूनचं ‘निपुण भारत’ अभियानही पायाभूत वाचन आणि अंकज्ञानाचंच. पण केंद्रप्रमुख शाळेत आल्यावर वाचनाची पातळी विचारतात, मुलांनी यंदा मातीकाम केलं का हे विचारत नाहीत. न विचारलेल्या गोष्टीचा तास गणिताच्या राहिलेल्या उदाहरणांना जातो. वेळापत्रकात तो दिसत राहतो, एवढंच.

आता उलट बाजू. सगळंच घालून समतोल साधतो, असं समजणाऱ्यांचाही एक मोठा प्रयोग झालेला आहे. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याने समतोल आणि व्यापक पायाचा अभ्यासक्रम हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरवला. प्राथमिक शाळेला इंग्रजी, गणित, विज्ञान, तंत्रज्ञान, इतिहास, भूगोल, कला, संगीत, शारीरिक शिक्षण असे विषय मिळाले, आणि वर धर्मशिक्षण. प्रत्येक विषयाची समिती वेगळी बसली, प्रत्येक समितीने आपला विषय जीव ओतून लिहिला. बेरीज कुणी केली नव्हती. एका वर्गशिक्षकाला ते सगळं वर्षात बसवणं अशक्य झालं. १९९३ मध्ये सरकारने फेरआढाव्यासाठी नेमलेल्या रॉन डिअरिंग यांनी अभ्यासक्रम छाटून वीस टक्के वेळ शाळांसाठी मोकळा ठेवायची शिफारस केली. पुढे १९९८ मध्ये रोज एक तास साक्षरतेचा आला, नंतर गणिताचा, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी इतर सहा विषयांचा तपशीलवार पाठ्यक्रम पाळण्याचं बंधन सैल करण्यात आलं. दहा वर्षांत लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. केंब्रिज प्रायमरी रिव्ह्यू या प्राथमिक शिक्षणाच्या स्वतंत्र पाहणीने २००९ मध्ये लिहिलं की शाळांत आता दोन अभ्यासक्रम चालतात, एक मूलभूत गोष्टींचा आणि दुसरा उरलेल्या साऱ्याचा, आणि दुसऱ्याचा दर्जा कुणी पाहत नाही. आपल्या कुठल्याही जिल्ह्याला हे वाक्य लागू पडेल.

तिसरा मार्ग आपल्याच मातीतला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली. विषय वेगवेगळे शिकवण्यापेक्षा एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि भाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान त्यातून फुलवायचं, यालाच समवाय म्हणत. टकळीवर सूत काततानाच लांबी, वजन, कापसाचा भूगोल, कापडाचा इतिहास. कल्पना थोर आहे आणि तिच्यात अजून घेण्यासारखं बरंच आहे. पण समितीचं दिवसाचं वेळापत्रक पाहिलं की काळजी वाटते. साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०. हस्तोद्योगाची आर्थिक बाजू शिक्षणाच्या आणि संस्कृतीच्या हेतूंवर मात करील असा धोका खुद्द समितीनेच बोलून दाखवला होता. ज्या शिक्षकाला समवाय साधला नसता, त्याच्या वर्गात मुलं फक्त सूत कातत राहिली असती. कुठलाही समतोल शिक्षकाच्या असामान्य प्रतिभेवर टांगून ठेवता येत नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, विषयांची संख्या ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलाला शाळेवाचून दुसरीकडे जे मिळणार नाही ते कोणतं. शहरातल्या सुखवस्तू घरात तबल्याचा क्लास, सायकल, गोष्टींची पुस्तकं, सहली हे सगळं चार हजार तासांच्या बाहेर मिळतं. गडचिरोलीतल्या मुलीकडे जंगलाचं ज्ञान शिक्षकापेक्षा जास्त असेल, पण नकाशा, सूक्ष्मदर्शक, दुसऱ्या प्रांताचं गाणं तिला शाळेतच भेटणार. त्यामुळे अभ्यासक्रम आखडला की पहिल्या मुलाचं फारसं बिघडत नाही, दुसरीचं सगळंच जातं. दुसरी गोष्ट क्रमाची. कोणती कल्पना कधी पहिल्यांदा येते आणि पुढे कुठे कुठे परत भेटते, हे आखलेलं असावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेला चक्राकार अभ्यासक्रम तो हाच. मोठी कल्पना लहानपणीच तिच्या खऱ्या रूपात भेटवायची आणि दरवेळी थोडी खोल नेत परत आणायची.

सावलीचं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्याला खर्च नाही. पहिलीत मुलं सावलीशी खेळतात, एकमेकांच्या सावल्या खडूने आखतात. तिसरीत अंगणात काठी रोवून दर तासाला सावलीचं टोक खुणावायचं आणि लांबी मोजायची. मोजमाप आणि तक्ता यांचं गणित तिथेच होतं. दुपारी सावली आखूड का, यावर पाच-सहा वाक्यं लिहायची, तेही आपण पाहिलेलंच. पाचवीत तेच आकडे आलेखावर येतात आणि पृथ्वीचं फिरणं मुलाला आपल्या आलेखातून भेटतं. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे राज्यात सगळीकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत ते मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस घडतं. मेमध्ये शाळांना सुट्टी आणि जुलैत ढग, तरी जुलैत एखाद्या दिवशी ऊन पडलं तर वर्ग अंगणात नेण्याची मुभा वेळापत्रकात हवी. आणि सावलीची कला पाहायची तर कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे. त्याच्या धर्तीवर पुठ्ठ्याच्या बाहुल्या करून, चादर आणि दिवा लावून चौथीचा वर्ग स्वतः लिहिलेला खेळ करू शकतो.

अशा जोडणीला एक पथ्य आहे. सावलीवर गाणं, सावलीचं रंगकाम, सावलीवर पाच ओळी, आणि शेवटी सावली का बदलते हे कुणालाच माहीत नाही, असं होता कामा नये. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये अलेक्झांडर, रोझ आणि वुडहेड यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात प्राथमिक शाळांतल्या प्रकल्पवजा शिकवणीवर टीका केली ती याच कारणाने, की प्रकल्पांच्या नावाखाली कुठल्याच विषयाचं ज्ञान पुढे सरकत नव्हतं. जोडणी करताना प्रत्येक विषयातली एक नेमकी नवी गोष्ट मुलाला येणार असेल तरच ती करावी. नाहीतर गणित वेगळं शिकवलेलं बरं.

क्रमाचा आपला नेहमीचा नियम म्हणजे जवळून दूर. बालभारतीच्या परिसर अभ्यासात तिसरीला आपला जिल्हा येतो आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याचं पुस्तक वेगळं निघतं, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. चौथीला महाराष्ट्र आणि शिवछत्रपतींचा इतिहास, पाचवीला देश, पृथ्वी आणि अश्मयुगापासूनचा माणूस. नियम चांगला आहे, पण त्याला घट्ट चिकटून राहू नये. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ कीरन एगन म्हणत की लहान मुलाची कल्पना दूरच्या, अद्‌भुत, टोकाच्या गोष्टींकडे आधी धावते. आठ वर्षांच्या मुलाला ग्रामपंचायतीच्या रचनेपेक्षा डायनोसॉर, वाळवंट आणि ज्वालामुखी जवळचे वाटतात, हे कुणीही शिक्षक सांगेल. तिसरीत जिल्ह्याबरोबर एखादं दूरचं जग असायलाच हवं. जिल्हाही त्या तुलनेने जास्त कळतो.

कला आणि खेळ यांच्याबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. शिक्षणहक्क कायद्यात कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावीपासून, आणि तीही शंभरहून अधिक मुलं असतील तर. पहिली ते पाचवीची मुलं सर्वस्वी वर्गशिक्षकावर. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी कलेचं ‘बाँसुरी’ आणि खेळाचं ‘खेल योग’ अशी पुस्तकं प्रथमच काढली, ही चांगली सुरुवात आहे. पण वर्षभर आज चित्र, उद्या मुखवटा, परवा नाच असं चाखत राहिलं तर पाचवीच्या अखेरीस हाताला काहीच येत नाही. त्यापेक्षा पाच वर्षांत मोजक्याच गोष्टी खोलवर कराव्यात. गाणं रोज दहा मिनिटं, ताल धरून, आपल्या बोलीतलंही आणि परप्रांतातलंही. माती किंवा कागद यांपैकी एकच माध्यम पाचही वर्षं. आणि वर्षातून एक खेळ किंवा नाटुकलं वर्गाने मिळून उभं केलेलं. ज्या शिक्षकाला गाता येत नाही त्याच्या गावात गाणारं कुणीतरी असतंच. त्यांना शाळेत बोलावण्यासाठी थोडं मानधन आणि केंद्रप्रमुखांची संमती लागते.

आकड्यांत बोलायचं तर ८०० तासांचं माझं वाटप असं असेल: दोन भाषा मिळून २८०, गणित १६०, परिसर अभ्यास १६०, कला ८०, खेळ ८०, आणि ४० तास शाळेच्या हाती मोकळे. भाषेला यात कमी दिल्यासारखं वाटेल. पण परिसर अभ्यासाच्या १६० तासांतही मूल वाचतं, विचारतं, ऐकतं, लिहितं, आणि तिथे वाचायला काहीतरी असतं. द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचा परिसर अभ्यास एकत्र घ्यावा. एका वर्षी तिसरीचे घटक दोघांना, पुढच्या वर्षी चौथीचे. इंग्लंडच्या खेड्यांतल्या छोट्या शाळा असं दोन वर्षांचं चक्र वापरतात. त्यातून शिक्षकाचा वेळ दुप्पट होतो आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मिळून सर्वेक्षण करता येतं. गणितात मात्र असं एकत्र करू नये, तिथे एका पायरीवर दुसरी उभी असते.

आणि वर्षाचा आकारही सगळ्यांना सारखा नसतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, कारण मुलं शाळेच्या वेळेला येऊ शकत नव्हती. आज बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा काही मुलांपर्यंत पोहोचतात, सगळ्यांपर्यंत नाही. जे मूल दरवर्षी जून ते ऑक्टोबर एवढंच शाळेत बसतं, ते पाच वर्षं प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग शिकतं. पुस्तकाच्या शेवटाकडे गेलेलं प्रकरण, मग ते अपूर्णांकांचं असो की नकाशाचं, त्याला पाचही वर्षांत एकदाही भेटत नाही. अशा गावांतल्या शाळांत तिसरीला प्रकरणांचा नेहमीचा क्रम ठेवावा, चौथीला पुस्तकाचा उत्तरार्ध जूनमध्ये सुरू करावा आणि परिसर अभ्यासाचे घटक प्रत्येकी तीन आठवड्यांत स्वतंत्रपणे पुरे होतील असे बांधावेत. त्यासाठी नवं पुस्तक छापावं लागत नाही. जूनमध्ये वार्षिक नियोजन लिहिताना क्रम बदलायची शिक्षकाला मोकळीक हवी, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका त्या शाळेने शिकवलेल्या घटकांवर निघायला हवी.